ध्वनिमुद्रिकांची देवघेव

जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणारे रसिक आपल्या ओळखीचे असतात. आज त्यांच्या संग्रहाविषयी बोलायचे नाही. संग्रहातली वस्तू दुसऱ्याच्या हाती जाते आणि तिच्यावर चार माणसे बोलतात, तेव्हा काय घडते, हा आजचा विषय आहे.

किरनापुरात हा विषय चैनीचा नाही. पुण्यामुंबईचा रसिक मैफल ऐकतो आणि तिची आठवण म्हणून ध्वनिमुद्रिका घेतो. आपल्याकडे क्रम उलटा असतो. गायक आधी यंत्रातून भेटतो आणि नशिबात असेल तर पुढे कधी समोर बसून ऐकायला मिळतो. १९५६पर्यंत आपला बालाघाट जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि १९५२पासून आकाशवाणीने राष्ट्रीय संगीत सभा सुरू केली. सभागृहापासून दूर राहणाऱ्या माणसाचा कान रेडिओने आणि पुढे कॅसेटने घडवला. म्हणून इथल्या घराघरांत पडलेल्या फिती हा आपल्या ऐकण्याचा इतिहासच आहे.

आपल्या देशातल्या ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच एक बोलकी गोष्ट आहे. नोव्हेंबर १९०२मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच गौहरजान आपले नाव इंग्रजीत सांगतात. पुष्कळांना ती ऐट वाटते, पण तिला कारण होते. तबकड्या तयार होत जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना आवाज कोणाचा हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. ध्वनिमुद्रण स्वतः आपली ओळख सांगत नाही, ती कोणीतरी सांगावी लागते, हे त्या पहिल्या दिवसांतच लोकांना उमगले होते.

ही ओळख नसली तर काय होते? ७८ फेऱ्यांच्या तबकडीचेच पाहा. सुरुवातीच्या काळात हा वेग ठरलेला नव्हता. समजा, एक तबकडी मिनिटाला सुमारे ७४ फेऱ्यांवर मुद्रित झाली आणि आपण ती ७८वर वाजवली. वेग साधारण साडेपाच टक्क्यांनी वाढतो आणि आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी एकमध्ये गायलेले गाणे काळी एकमध्ये ऐकू येते. साडेतीन मिनिटांचे गाणे अकराबारा सेकंद आधी संपते, आणि तान होती त्याहून चपळ वाटते. मग आपण म्हणतो, काय हा गळा! त्या कौतुकातला काही भाग यंत्राच्या चावीचा असतो. एकट्याने ऐकणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. तीच तबकडी दुसऱ्याकडे वेगळ्या पट्टीत वाजते, तेव्हा दोघे थांबतात आणि गायकाचा खरा षड्ज कोणता याचा शोध सुरू होतो.

चर्चेचा दुसरा लाभ याहून मोठा आहे. उस्ताद अल्लादिया खाँ १९४६ साली गेले. जयपूर-अत्रौली गायकीच्या या आचार्याची एकही बाजारी तबकडी नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचा आवाजही आपल्याला मिळालेला नाही. मग अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे कसे होते हे कशावरून सांगायचे? केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी त्यांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे तालीम घेतली. या तिघांचे एकाच रागाचे मुद्रण लागोपाठ लावून ऐकावे. जे तिघांत समान आढळते, तिथे बहुधा घराण्याची तालीम आहे. जे एकाकडेच आहे ते त्याचे स्वतःचे असावे. न मुद्रित झालेल्या गुरूपर्यंत जाण्याची ही एक वाट आहे. मात्र तीन मुद्रणे एका घरात क्वचितच असतात. देवघेव झाली तरच ती एकत्र येतात.

देवघेवीतून ध्वनिमुद्रिका कुठवर जाते याचेही उदाहरण केसरबाईंचेच आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत पृथ्वीवरच्या ध्वनींची सोनेरी तबकडी पाठवायचे ठरले. रॉबर्ट ब्राउन या संगीत अभ्यासकाने केसरबाईंच्या भैरवीचे नाव सुचवले. पण ती तबकडी बाजारातून नाहीशी झाली होती. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, धूळ खात पडलेल्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. कोणी तरी सुचवणारा, कोणी तरी शोधणारा आणि कोणी तरी न फेकणारा, असे तिघे जमले म्हणून ती भैरवी आंतरतारकीय अवकाशात पोचली.

त्याच केसरबाई मैफलीत चोरून ध्वनिमुद्रण होऊ नये म्हणून फार दक्ष असत. हा विरोधाभास नव्हे. जे द्यायचे ते आपल्या मर्जीने द्यावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. आपणही तो पाळावा. भारतीय कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे राहतो. त्याहून जुन्या तबकडीविषयी फारशी अडचण येत नाही. खाजगी मैफलीच्या फितीची गोष्ट वेगळी आहे. ती जाहीरपणे वाटण्याआधी कलावंताची किंवा त्याच्या कुटुंबीयांची परवानगी घ्यावी. चार मित्रांनी एकत्र बसून ऐकणे वेगळे आणि ती सगळ्या जगाला वाटणे वेगळे.

हे काम संस्थेच्या रूपाने कसे चालते याचा नमुना मुंबईत आहे. १९९० साली तिथे सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था उभी राहिली. तिने ऐकण्याच्या बैठका घेतल्या आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक काढले. कोणत्या कलावंताच्या कोणत्या क्रमांकाच्या तबकड्या निघाल्या, याची नोंद अशा लोकांनी चिकाटीने केली. त्यांतले बहुतेक नोकरीधंदा सांभाळून हे करणारे हौशी लोक होते.

आपल्याला एवढे मोठे काम करायचे नाही. घरातल्या कॅसेटपासून सुरुवात करता येईल. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. विलंबित ख्याल रंगात आला की बाजू संपे आणि उलटवेपर्यंत दोन आवर्तने निसटत. तरी लोकांनी त्या जपल्या. आता फितीवरचा चुंबकीय थर सुटू लागला आहे आणि वाजवायची यंत्रे भंगारात गेली आहेत. त्याहून मोठी काळजी ही, की खोक्यावर नुसते ‘मालकंस, छान’ असे लिहिले आहे. कोण गात होते, साथीला कोण होते, कुठे, कोणत्या साली, हे ज्याला ठाऊक आहे तो आज सत्तरीऐंशीत आहे. फीत पुढच्या वर्षीही उतरवून घेता येईल. त्या माणसाला मात्र याच वर्षी विचारले पाहिजे.

म्हणून देवघेवीचे काही साधे नियम सुचवतो. मूळ फीत कोणाला देऊ नये, आधी प्रत करावी. प्रतीसोबत गायक, राग, ताल, साथीदार, स्थळ, साल आणि ती कोणाकडून मिळाली हे लिहावे. जे नक्की ठाऊक नाही तिथे प्रश्नचिन्ह घालावे, अंदाजाने नाव ठोकून देऊ नये. एकदा चुकीचे नाव चिकटले की शंभर प्रतींतून तेच फिरते. आवाज ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात खरखरीबरोबर तानपुऱ्याची आसही पुसली जाते, म्हणून न सुधारलेली प्रत वेगळी ठेवावी.

बोलण्याचीही एक रीत असावी. ‘इथे गंधार चुकला’ असे म्हणण्याआधी तीच जागा दुसऱ्या घराण्यात कशी घेतात ते ऐकावे. मतभेद झाला तर वाद घराण्याच्या मोठेपणावर नेऊ नये, पुन्हा ध्वनिमुद्रणाकडे यावे, कारण ते दोघांसमोर सारखेच वाजते. आणि मुद्रणाची मर्यादाही ओळखावी. गदगच्या भीमसेन जोशींना लहानपणी अब्दुल करीम खाँ यांच्या तबकडीने वेड लावले. पण १९३३ साली घर सोडून ते निघाले गुरूच्या शोधात. तबकडीने ओढ लावली, तालीम मात्र पुढे सवाई गंधर्वांकडे कुंदगोळला झाली.

आपल्याला प्रत्येकाला गवई व्हायचे नाही. पण चांगला श्रोता होण्यासाठीही सोबत लागते. महिन्यातून एकदा दहाबारा जणांनी जमावे, एकच राग दोन गायकांचा ऐकावा आणि जाण्यापूर्वी एका वहीत नोंद करावी. घरात फिती असतील त्यांनी पुढच्या बैठकीला एक घेऊन यावे. आणि ज्यांनी ती मैफल प्रत्यक्ष ऐकली, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनाही सोबत आणावे.