कार्डाचे यंत्र मागवताना

हंगाम संपल्यावर आम्ही मोखाडा तालुक्यात सूर्यमाळला गेलो होतो. आपल्या एका सभासदाच्या मुलाने तिथे चहा-जेवणाचे हॉटेल टाकले आहे. गिऱ्हाइकांसाठी त्याने इंटरनेटवरून निम्म्या किमतीत जुने स्वाइप मशीन मागवले. मशीन आले, दिवा लागला, पण पैसे काही खात्यात येईनात! ते दुसऱ्याच दुकानदाराच्या नावे नोंदलेले निघाले.

सभासद बंधूंनो, नांगर विकत घेतला की आपला झाला. याचे तसे नाही. हे यंत्र बँक तुमच्या खात्याला जोडून देते, तेव्हाच चालते. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातले धसई डिसेंबर २०१६ मध्ये रोकडरहित गाव म्हणून गाजले, तिथेही दुकानदारांना यंत्रे बँक ऑफ बडोदाने दिली होती. तेव्हा ऑनलाइन अर्ज खुशाल करा, पण बँकेच्या किंवा तिने नेमलेल्या कंपनीकडेच. महिन्याचे भाडे आधी विचारा. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला कमिशन नाही, क्रेडिट कार्डावर मात्र कापले जाते. आणि डोंगरात कोणत्या सिमला रेंज मिळते, तेही बघा.

पोराने आता बँकेत अर्ज दिलाय. जुने मशीन गल्ल्यावर तसेच पडून आहे.