हिमेजीचा नवा चुना

जपानमधल्या हिमेजी स्टेशनातून बाहेर पडलं की रुंद रस्त्याच्या उत्तर टोकाशी किल्ला समोरच दिसतो. चालत गेलात तरी पंधरा-वीस मिनिटांत दारात. त्याचा मुख्य मनोरा १६०९ साली इकेदा तेरुमासाने बांधून पुरा केला. १९४५च्या जुलैत बॉम्बहल्ल्यात आजूबाजूचं शहर जळालं. मनोऱ्यावर पडलेला बॉम्ब मात्र फुटलाच नाही.

२००९ ते २०१५ या काळात या मनोऱ्याची दुरुस्ती झाली. सगळा मनोरा एका तात्पुरत्या इमारतीने झाकून टाकला होता, पण तिच्यातच लिफ्ट बसवून लोकांना वर नेण्याची सोय केली. गवंड्यांचे हात छपरावर कसे चालतात, ते लोकांनी अगदी जवळून पाहिलं. मला या साऱ्या कामातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. स्मारक कसं टिकतं हे ज्यांनी पाहिलं, त्यांना त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

मार्च २०१५मध्ये मनोरा पुन्हा खुला झाला तेव्हा तो फारच पांढरा झाला, अशी कुरकुर झाली. चुना, शिंपल्यांची राख, वनस्पतींचे तंतू आणि समुद्री शेवाळाची खळ यांचा तो गिलावा. लाकडी इमारतीला आगीपासून तेच कवच. भिंतींवर तो असतोच. इथे कौलांच्या सांध्यांवरही आहे, म्हणून नवं असताना छप्परसुद्धा पांढरं दिसतं. पावसापाण्याने त्यावर बुरशी धरते आणि काही वर्षांत कौलांचा राखाडी रंग वर येतो. तेव्हा कुरकुरीत तथ्य नव्हतं. लोकांना सवयीचा झालेला रंग काळवंडलेल्या चुन्याचा होता.

आत शिरताना बूट काढून पिशवीत घालून हातात घ्यावे लागतात. जिने शिडीसारखे उभे आहेत, गुडघे दुखत असतील तर जपून. भिंतींत गोल, तिकोनी, चौकोनी जंग्या आहेत. तळापासून वरपर्यंत जाणारे दोन प्रचंड खांब मनोऱ्याचा भार पेलतात. १९५६ ते १९६४च्या दुरुस्तीत मनोरा पूर्ण उतरवून पुन्हा उभारला, पायाखाली काँक्रीट घातलं. पूर्वेचा जुना खांब बुंध्याशी नवं लाकूड जोडून ठेवला. पश्चिमेचा मात्र बदलावा लागला, आणि एवढं लांब अखंड लाकूड शेवटी मिळालं नाही म्हणून दोन झाडं एकमेकांना जोडली. तिसऱ्या मजल्यावर पोचलात की पश्चिमेच्या खांबापाशी थांबा आणि तो सांधा शोधा.