कंपवात आणि बुद्धीची तेरीज

कंपवात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे थरथरणारा हात येतो. कप बशीवर खडखडतो, सही वेडीवाकडी होते, अक्षर मुंगीएवढे बारीक होत जाते. इ. स. १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी या रोगावर निबंध लिहिला, त्यातही सारा भर हातापायांवरच होता. रोग्याची बुद्धी शाबूत राहते, असे त्यांचे मत होते. हे मत पुढे फार काळ टिकून राहिले. आज ते कोणी मानत नाही. केंब्रिज येथील रोग्यांच्या पाहणीत दहा वर्षांत ४६ टक्के जणांना स्मृतिभ्रंश झाल्याचे आढळले. सिडनीच्या पाहणीत वीस वर्षांनंतर हयात असलेल्यांमध्ये हे प्रमाण ८३ टक्के होते. अर्थात तोवर वयही वाढलेले असते, आणि दहा वर्षांनंतरही निम्म्याहून अधिक लोक शहाणेसुरते राहतात, ही त्याच आकड्यांची दुसरी बाजू आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकात का शिरावे, असे कोणी विचारील. कारण घरचेच आहे. माझ्या आजोबांचे थोरले बंधू बडोद्याला असतात. (सरकारी नाव वडोदरा, पण आमच्या घरात अजून बडोदेच चालते.) दांडिया बाजारात त्यांचे घर आहे. चाळीस वर्षे त्यांनी एका कापड दुकानाचे हिशेब लिहिले. सात वर्षांपूर्वी त्यांना कंपवात झाला. गेल्या वर्षी एका रुग्णालयात त्यांच्या बुद्धीची तपासणी झाली आणि ३० पैकी १८ गुण पडले. घरात लगेच कुजबुज सुरू झाली की आता मोठ्या आजोबांकडून पासबुक व चेकबुक काढून घ्यावे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब ठेवले त्याला स्वतःचा हिशेब ठेवता येऊ नये, हे त्यांना किती लागले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. तेव्हा हे १८ गुण म्हणजे नेमके काय, याचा शोध घ्यायचे मी ठरवले.

पूर्वी अशा तपासणीसाठी १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली एक ३० गुणांची कसोटी सर्रास वापरत. तारीख, वार, ठिकाण, तीन शब्दांची आठवण असा तिचा रोख मुख्यतः स्मरण व भाषा यांवर आहे. कंपवातात घोटाळा प्रथम वेगळ्याच जागी होतो. मेंदूच्या तळाशी डोपामीन नावाचे द्रव्य बनवणाऱ्या पेशी झिजतात, आणि तेथून मेंदूच्या पुढच्या भागाकडे जाणारी मंडले मंदावतात. या पुढच्या भागाचे काम म्हणजे आखणी करणे, एका कामातून दुसऱ्यात लक्ष वळवणे, चुकीची ऊर्मी आवरणे. साहजिकच जुन्या कसोटीत असे रोगी आरामात उत्तीर्ण होत. २००५ साली कॅनडातील मॉन्ट्रियलच्या डॉ. झियाद नासरेद्दीन यांनी ‘मॉका’ ही कसोटी प्रसिद्ध केली. तीही ३० गुणांचीच, सुमारे दहा मिनिटांची. २६ वा त्याहून अधिक गुण ठीक समजतात. तिच्यात आकडा, अक्षर, पुढचा आकडा, पुढचे अक्षर अशी आळीपाळीने रेघ जोडायची असते, घन काढायचा असतो, घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायची असतात. या शेवटच्या प्रश्नात मोठी गंमत आहे. ‘दहा मिनिटे’ म्हटल्यावर काटा दहाच्या आकड्याकडे ओढ घेतो. ती ओढ आवरून तो दोनच्या आकड्यावर न्यायचा, हीच परीक्षा. पाच शब्द ऐकून काही मिनिटांनी परत सांगायचे असतात. ते शब्द मी मुद्दाम येथे देत नाही, कारण ते पाठ झाले की कसोटी निकामी होते.

शब्द आठवण्यातही भेद आहे. कंपवाताच्या पुष्कळ रोग्यांना शब्द आपणहून आठवत नाही, पण ‘ते एक फूल होते’ असा धागा दिला की चटकन येतो. अल्झायमरच्या रोग्याला धाग्याचा तेवढा उपयोग होत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर एकाची खातेवहीची अनुक्रमणिका हरवली आहे, दुसऱ्याचे पानच फाटले आहे.

आता मोठ्या आजोबांच्या १८ गुणांकडे येऊ. तपासणाऱ्या बाईंनी आडनाव पाहून सद्भावनेने मराठी कागद काढला. घरात बोलणे मराठी, आरत्या मराठी, सगळे खरे. पण शाळा गुजराती, दुकान गुजराती, आणि हिशेब तर अथपासून इतिपर्यंत गुजराती. शंभरातून सात सात वजा करत जायचे होते. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. ते मनात त्राणुं, छ्यासी असे मोजत, मग त्याचे मराठी करत, आणि तेवढ्यात मागचा आकडा निसटे. माणूस बोलतो एका भाषेत आणि मोजतो दुसऱ्या भाषेत, हे आपल्या सीमाभागात कोणाला सांगावे लागू नये. मी स्वतः बाजारात कन्नड बोलतो, पण पाढे मराठीतच येतात. त्यातून आपले आकडेही मुलखावेगळे. मराठीत व गुजरातीत ७९ म्हणजे ऐंशीला एक उणा. कन्नडमध्ये सरळ सत्तर आणि नऊ.

एका मिनिटात एका अक्षरापासून सुरू होणारे शब्द सांगा, हा प्रश्न इंग्रजीत सरळ आहे. आपल्याकडे ‘क’ दिला तर किल्ला, कुलूप, कौल चालतील की नाही? बाराखडी शिकलेला माणूस येथे अडखळतोच, आणि घड्याळ चालू असते.

शिक्षणाचा प्रश्न तर याहून मोठा. मॉकात बारा किंवा त्याहून कमी वर्षे शिकलेल्याला एक गुण वाढवून देतात. म्हणजे चौथी झालेल्या मोठ्या आजींना एक आणि अकरावी झालेल्याला तोही एकच! बडोद्यात तरी सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. इतर मुलखांत जुन्या पिढीच्या हाती पेन्सिलच आली नाही. हरियाणातील बल्लभगड भागातील निरक्षर वृद्धांचा विचार करून केलेली हिंदी कसोटी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली, ती याच गरजेतून. पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने आपला चाचणीसंच तयार केला. त्याच्या पहिल्या पाच भाषांत हिंदी, बंगाली, तेलुगू, मल्याळम यांच्याबरोबर कन्नड आहे. मराठी व गुजराती नाहीत. कन्नड विभागातील मित्रांचे अभिनंदन!

वेळेचाही संबंध असतो. लेव्होडोपाच्या गोळीचा अंमल असताना माणूस हालतो-बोलतो, अंमल ओसरला की सगळेच मंदावते. तपासणी अंमल असताना व्हावी. मोठे आजोबा दुपारची गोळी लांबवून रांगेत दोन तास बसले होते. शिवाय कंप थांबावा म्हणून दिलेल्या जुन्या धर्तीच्या एका गोळीने वृद्धांच्या स्मरणावर परिणाम होतो, हे डॉक्टरांना ठाऊक असते. पण ती गोळी कोणी कधी सुरू केली हेच घरात कोणाला आठवत नव्हते. उदासीनता, कमी ऐकू येणे, मोतीबिंदू यांनीही गुण उतरतात.

आम्हाला शिकवतात की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक असे नव्हे, आणि न जुळली तर चूक कोठे आहे हे ती सांगत नाही. मॉकाचेही तसेच आहे. ती चाळणी आहे, निवाडा नाही. कंपवाताच्या तज्ज्ञांनी २०१२ साली सौम्य ऱ्हासाचे जे निकष ठरवले, त्यांत खोल तपासणीसाठी लक्ष, आखणी, स्मरण, भाषा आणि अवकाशज्ञान या पाचही अंगांच्या प्रत्येकी दोन चाचण्या सांगितल्या आहेत. सौम्य ऱ्हास आणि स्मृतिभ्रंश यांतली सीमा गुणांवर नव्हे, रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः जमतात की नाही यावर ठरते. कायदाही गुण विचारत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे बारावे कलम एवढेच पाहते की करार करतेवेळी त्या माणसाला तो समजतो का, आणि आपल्या हिताअहिताचा विचार त्याला करता येतो का. हे कलम मी काकांना वाचून दाखवले. चेकबुक कपाटातच राहिले.

सहा महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी तपासणी झाली. सकाळी, गोळी घेतल्यानंतर तासाभराने, आकड्यांचे प्रश्न गुजरातीत, आणि पाठ झालेल्या शब्दांचा फायदा होऊ नये म्हणून कसोटीची दुसरी आवृत्ती घेऊन. मधल्या काळात कंपाची ती जुनी गोळी डॉक्टरांनी हळूहळू बंद केली होती. या वेळी गुण पडले २३. म्हणजे सर्व आलबेल नाही. घड्याळाचा काटा दहावरच गेला, शब्दही थोडेच सुचले. आता बँकेच्या कामाला काका शेजारी बसतात, आकडे मात्र मोठे आजोबाच लिहितात, आणि मोठी रक्कम असली की दोघे दोनदा बेरीज करतात.

पुढची तपासणी वर्षाने आहे. तेव्हा तुलना २६ शी नव्हे, या २३ शी व्हायची आहे. म्हणून काकांनी एका वहीत तपासणीची वेळ, गोळीची वेळ, प्रश्नांची भाषा आणि चष्म्याचा नंबर टिपून ठेवला आहे. वही अर्थातच मोठ्या आजोबांनी आखून दिली.