संगणकाचेही ओव्हरहॉलिंग हवे



हंगाम संपला की कारखान्यात मिलचे रोलर उतरवतात, बॉयलरच्या नळ्या तपासतात, टर्बाइन खोलतात. 'गेल्या साली चालली, यंदाही चालेल' असे म्हणून कोणी मिल तशीच नव्या हंगामाला जुंपत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र 'चालतोय ना, मग कशाला हात लावायचा?' असे म्हणण्याची रीत सगळीकडेच आहे. आज ऊसनोंद, तोडणीचा क्रम, काट्यावरचे वजन, पंधरवड्याची बिले आणि शेअर्सची नोंद हे सारे संगणकात असते. म्हणून हा विषय केवळ ऑफिसचा नसून सभासदांचाही आहे, असे आम्हांस वाटते.

संगणकाचे यंत्र निराळे आणि ते चालवणारी व्यवस्था निराळी. या व्यवस्थेला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत कुठे ना कुठे फटी राहतातच. त्या सापडतील तशी कंपनी दुरुस्ती पाठवते. तिला अपडेट म्हणतात. परंतु प्रत्येक आवृत्तीची मुदत ठरलेली असते. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. नोंदणी करून किंवा जादा पैसे भरून थोडी मुदतवाढ मिळते, पण ती तात्पुरतीच.

मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. पडदा पूर्वीसारखाच उजळतो, बिले निघतात. फक्त नवी फट सापडली तर ती बुजवणारा कोणी राहत नाही. को ७४० या जातीने एके काळी महाराष्ट्रातले कारखाने चालवले. पुढे ती काणीला बळी पडू लागली, तेव्हा आपल्याला नव्या जातींकडे वळावेच लागले. संगणकाचेही तसेच आहे. तो बदलत नाही, पण त्याच्यावरचा रोग बदलतो.

हे सगळे परदेशातले, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. तर पनवेलच्या पुढचेच उदाहरण घेऊ. घाटावरचा निर्यातीचा माल पनवेल-कळंबोलीवरून उरण तालुक्यातील न्हावा शेवा बंदराला जातो. २७ जून २०१७ रोजी जगभर एक संगणकीय विषाणू पसरला. त्याला 'नॉटपेट्या' असे नाव पडले. तो युक्रेनमधील हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरमधून शिरला आणि डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून थेट न्हावा शेव्यापर्यंत आला. तेथील गेटवे टर्मिनल्स इंडिया हा धक्का याच कंपनीच्या गटाकडे होता. त्याचे संगणक बंद पडले. कोणता कंटेनर कुठे ठेवला हेच कळेना, काम हाताने करण्याची पाळी आली आणि खोळंबणाऱ्या गाड्यांसाठी बंदराला जागेची सोय करावी लागली.

या विषाणूने जी फट वापरली तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. मे महिन्यात त्याच फटीतून 'वॉनाक्राय' विषाणू दीडशेच्या आसपास देशांत शिरला होता. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही त्यात सापडले. तरीही अनेकांनी दुरुस्ती लावली नव्हती. नॉटपेट्या तर एका कच्च्या संगणकात शिरला की तिथले पासवर्ड उचलून दुरुस्त केलेल्या संगणकांतही घुसत असे. एकाच्या बांधाला भगदाड पडले की पाणी शेजाऱ्याच्याही रानात जाते, तशातला हा प्रकार.

मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले. ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. त्यांच्या जाळ्याची मुख्य नोंद ठेवणारे सर्व सर्व्हर पुसले गेले होते. एक तेवढा आफ्रिकेतील घाना देशात वाचला. कारण काय, तर त्या वेळी तिथली वीज गेली होती! वीज गेल्यावर आपण बोटे मोडतो, पण तिथे तिनेच कंपनी तारली. आपण मात्र भारनियमनाच्या भरवशावर राहू नये.

रिझर्व्ह बँकेनेही जून २०१८ मध्ये बँकांना एटीएमवरील जुनी विंडोज टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत बदलण्यास सांगितले होते.

खर्चाचा प्रश्न आहेच. शिवाय वजनकाट्याचे किंवा एखाद्या यंत्राचे जुने सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालतेच असे नाही. त्यासाठी काही साध्या गोष्टी करता येतात.

१. कोणत्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे आणि तिची मुदत कधी संपते, याची यादी करावी.

२. जो बदलता येत नाही तो इंटरनेटपासून तोडावा, बाकीच्या जाळ्यातून वेगळा काढावा, आणि त्याला बाहेरचा पेन ड्राइव्ह लावू देऊ नये.

३. रोजच्या नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी. जोडून ठेवलेली प्रत मूळ नोंदीबरोबरच जाते. त्या प्रतीवरून नोंदी खरोखर परत येतात का, तेही मधूनमधून पाहावे.

४. बदल हंगाम बंद असतानाच करावेत. गव्हाणीसमोर गाड्यांची रांग लागल्यावर संगणक खोलून चालत नाही.

सभासदांनीही एक करावे. काट्याची पावती आणि बिलाची प्रत जपून ठेवावी; नोंद पुसली गेली तर तोच पुरावा. ज्या मोबाइलवर बँकेचे व्यवहार होतात त्याला अपडेट येतात की नाही, ते घरातल्या शिकल्यासवरल्या मुलांकडून पाहून घ्यावे. आणि वार्षिक सभेत मशिनरीच्या दुरुस्तीचा खर्च विचारतो, तसा संगणकाचाही विचारावा. उसाचे वजन काटा करतो, पण ते वजन पुढे जपतो तो संगणकच.