ॲस्परॅगस फर्न: एका कुंडीच्या चार कुंड्या करा, पण आधी जगवायला शिका



रोपांचं छोटं दुकान सुरू करायचं म्हटलं की बहुतेक जण मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि गुलाब भरतात. वाईट काही नाही, पण तेच शेजारच्या दुकानातही असतं. आज ज्या झाडाबद्दल बोलणार आहोत ते आपल्या मुळशीतल्या ग्राहकाला चांगलं जुळतं, स्वस्तात वाढवता येतं आणि घरच्या घरी एकाची चार करता येतात. पण दोन गोष्टी समजून घेतल्या नाहीत, तर हेच झाड तुमचं भांडवल खातं. ते झाड म्हणजे ॲस्परॅगस फर्न.

आधी झाड ओळखा

नावात फर्न असलं तरी हे फर्न नाही. फर्नला, म्हणजे नेच्याला, फुलं येत नाहीत. याला बारीक पांढरी फुलं येतात आणि नंतर छोटी फळंही धरतात. आपली औषधी शतावरी याची जवळची नातेवाईक. दोघींच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्द ‘ॲस्परॅगस’ हाच आहे. म्हणून ग्राहकाला ‘ही शतावरीची बहीण’ असं सांगितलं की पटकन लक्षात राहतं. मात्र लगेच पुढचं वाक्यही बोला: ‘ही शोभेची आहे, औषध म्हणून खायची नाही.’

दुकानात तीन प्रकार ठेवण्यासारखे:

- स्प्रेंजेरी: कुंडीबाहेर झुलणाऱ्या लांब फांद्या, त्यांवर बारीक काटे, फळं लाल. हँगिंग बास्केटसाठी उत्तम आणि सगळ्यात दणकट. कार्ल स्प्रेंगर हा जर्मन माणूस इटलीत नेपल्सला रोपांचा व्यवसाय करायचा, त्याच्यावरून हे नाव पडलं. म्हणजे एका नर्सरीवाल्याचंच नाव झाडाला!
- फॉक्सटेल: कोल्ह्याच्या शेपटीसारख्या उभ्या, भरगच्च फांद्या. हळू वाढतं, म्हणून महाग.
- प्लुमोसस: जाळीसारखं नाजूक. बुकेमध्ये फुलांच्या मागे जी बारीक हिरवळ असते, ती बऱ्याचदा हीच. मोठं झालं की वेलासारखं चढतं.

सगळा खेळ मुळांचा

स्प्रेंजेरी किंवा फॉक्सटेल कुंडीतून काढून बघा. मुळांना शेंगदाण्यासारख्या फुगीर गाठी दिसतील. या झाडाच्या पाण्याच्या टाक्या. त्यामुळे चार-आठ दिवस पाणी चुकलं तरी झाड तग धरतं. पण टाकी भरलेली असताना वर आणखी पाणी साचलं, तर गाठी सडायला लागतात. आणि गंमत अशी की पाणी कमी पडलं तरी पानं पिवळी पडतात आणि जास्त झालं तरीही पिवळीच पडतात. नवीन माणूस पिवळं बघतो आणि अजून पाणी घालतो. तिथेच झाड जातं.

म्हणून पाणी घालण्याआधी बोट मातीत घाला. दोन पेरं खोलपर्यंत कोरडं लागलं तरच भरपूर पाणी द्या आणि खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाका. प्लुमोससला अशा गाठी नसतात, त्यामुळे त्याची माती पूर्ण सुकू देऊ नका.

मिश्रण साधं: एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि अर्धा भाग जाड वाळू. पाणी ओतल्यावर ते लगेच खालच्या भोकातून यायला लागलं पाहिजे.

घरात ठेवताना

- उजेड: खिडकीजवळ, पण दुपारचं ऊन थेट नको. पूर्वेची खिडकी सर्वात चांगली. अंधाऱ्या कोपऱ्यात झाड विरळ होतं आणि गळायला लागतं.
- एसी: एसीचा झोत अंगावर आला की सुईसारखी पानं झडतात. जागा बदला, हाच उपाय.
- कीड: मार्च ते मे हवा कोरडी असते, तेव्हा लाल कोळी येतो. पानं फिकट होतात, बारीक जाळी दिसते. आधी पाण्याच्या फवाऱ्याने झाड धुवा, मग नीमतेल लिटरला ५ मिली, थोड्या साबणासोबत, संध्याकाळी फवारा.
- छाटणी: पूर्ण पिवळी झालेली फांदी परत हिरवी होत नाही. मुळापाशी कापा, नवीन कोंब खालूनच येतात.

बाहेर ठेवताना: मुळशीचा पाऊस विसरू नका

पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या तालुक्यात मात्र हिंजवडी, पिरंगुटकडून पौड आणि पुढे ताम्हिणीकडे जाल तसा तो कित्येक पटींनी वाढत जातो. त्यामुळे शहरातल्या नर्सरीचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. जून ते सप्टेंबर या कुंड्या पत्र्याखाली किंवा प्लॅस्टिकच्या छपराखाली हव्यात, आणि विटांवर उचललेल्या. उन्हाळ्यात ५० टक्क्यांची शेडनेट पुरते. आपली थंडी याला सहज सोसते.

अजून एक. फळं पक्षी खातात आणि बी लांब पसरतं. ऑस्ट्रेलिया आणि फ्लोरिडात हे झाड असंच बागेतून रानात गेलं आणि तण होऊन बसलं. आपल्याला तर रान दाराशीच आहे. म्हणून फार्महाऊसवाल्याला जमिनीत लावायला देण्याऐवजी कुंडीतच द्या. फळं पिकण्याआधी काढा आणि जुने गड्डे डोंगरकडेला टाकू नका.

एकाची चार कशी करायची?

फांदी खोचून हे झाड लागत नाही. बियांपासून येतं, पण वेळ फार जातो. धंद्यासाठी गड्डा फोडणंच बरं. फेब्रुवारीअखेर ते मार्च ही चांगली वेळ, म्हणजे पावसाआधी रोपं भरतात.

१. आदल्या दिवशी पाणी द्या, दुसऱ्या दिवशी झाड कुंडीतून काढा.
२. हातमोजे घाला. काटे असतात आणि चिकामुळे काहींना खाज येते.
३. धारदार, स्वच्छ सुरीने गड्डा कापा. प्रत्येक तुकड्याला कोंब आणि मुळं दोन्ही हवीत.
४. लांब फांद्या अर्ध्या करा.
५. लावून सावलीत ठेवा. पहिले पंधरा दिवस माती फक्त ओलसर असू द्या.

लोभापायी चारच्या जागी आठ तुकडे करू नका. छोटा तुकडा मरतो तरी किंवा भरायला फार वेळ लावतो.

आता हिशोब

हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या बाजाराचे आकडे तुम्ही घाला. समजा मोठं रोप १५० रुपयांना आणलं. चार कुंड्या आणि मिश्रण, प्रत्येकी ४० प्रमाणे १६०. तीन महिन्यांचं पाणी, खत, देखभाल, प्रत्येकी १५ प्रमाणे ६०. एकूण खर्च ३७० रुपये. विक्री १८० रुपये नग.

- चारही जगली: ७२० रुपये आले, नफा ३५०.
- एक मेलं: ५४० आले, नफा १७०. म्हणजे निम्म्याहून कमी!
- दोन मेली: ३६० आले, तोटा १०.

खर्च तोच, मेहनत तीच. फरक फक्त मेलेल्या रोपांचा. नवीन दुकानदार विक्रीचा भाव १० रुपयांनी वाढवायचा विचार करतो, पण मर कमी केली तर त्याहून कितीतरी जास्त पैसे हातात राहतात. म्हणून वहीत ‘विकली’ या रकान्याशेजारी ‘मेली’ असाही रकाना ठेवा, आणि कारण लिहा.

कोणाला विकायचं आणि काय सांगायचं?

मुळशी धरणाच्या बाजूला ज्यांचे वीकेंडचे बंगले आहेत, ते आठवडाभर नसतात. त्यांना छपराखालच्या व्हरांड्यासाठी स्प्रेंजेरी द्या. हिंजवडीच्या फ्लॅटवाल्याला आधी विचारा, ‘बाल्कनी कोणत्या दिशेला आहे?’ घरात उजेडच नसेल तर हे रोप विकू नका, दुसरं द्या. आज १८० रुपये गेले तरी चालतील, पण ज्याच्या घरी तुमचं झाड महिन्यात वाळतं तो परत येत नाही. घरात मांजर, कुत्रा किंवा लहान मूल असेल तर फळं खाण्यात येऊ देऊ नका, हेही सांगा.

प्रत्येक कुंडीसोबत एक चिठ्ठी द्या: ‘बोट घालून बघा, कोरडं असेल तरच पाणी. उजेडात ठेवा, उन्हात नको.’ एवढंच पुरे.

सुरुवात एकदम पन्नास रोपांनी करू नका. तीन मोठी स्प्रेंजेरी आणा, त्यांची बारा करा आणि एक पावसाळा काढा. ऑक्टोबरमध्ये मोजा. दहा किंवा जास्त जगली असतील तर दिवाळीच्या विक्रीनंतर पुढचा माल भरा. त्याहून कमी असतील तर पैसे घालण्याआधी वहीतला ‘मेली’चा रकाना नीट वाचा.