पाटी-पेन्सिल आणि पंचायत

गेल्या १ मे रोजी खटाव तालुक्यातील एका गावी ग्रामसभा पाहावयास मी माझ्या वर्गातील पाच-सहा मुलामुलींना घेऊन गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. कोणत्याही गावाचे घातले तरी चालेल. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसे, यांपैकी जी संख्या कमी, तेवढी जमली की गणपूर्ती होते. तेवढीही जमेनात. सभा तहकूब झाली. पुढे ती वीस-बावीस माणसांत भरली, कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. आम्ही पुन्हा गेलो. जमाखर्च असा वाचला गेला की, सत्यनारायणाच्या पोथीचा शेवटचा अध्यायही कुणी इतक्या वेगाने वाचत नसेल. “मंजूर?” “मंजूर!” तोच मागे बसलेल्या एक आजीबाई उठून म्हणाल्या, “आरं बाबा, काय मंजूर केलं त्ये तरी सांग की.”

सारे हसले. माझी मुलेही हसली.

परतताना आम्ही औंधला उतरलो. औंध आज लोकांना ठाऊक आहे ते यमाईच्या डोंगरामुळे आणि तेथील म्युझियममुळे. पण नोव्हेंबर १९३८ मध्ये येथल्या राजाने, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले आणि १९३९ च्या आरंभी तशी राज्यघटना लागू केली. हिंदुस्थानातले संस्थानिक त्या काळी शिकारी आणि मोटारी यांत दंग असताना सत्तरीतला हा राजा सूर्यनमस्कार घालीत होता, चित्रे काढीत होता, कीर्तने करीत होता आणि स्वतःचेच अधिकार कमी करून घेत होता! चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन हे या कामी पुढे होते. मसुद्यावर हात फिरला तो खुद्द गांधीजींचा. संस्थान ते केवढे! बहात्तर गावे, आणि तीही सलग नव्हेत. औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. गावाने पाच पंच निवडावेत, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका सभा व्हावी आणि तालुक्यांनी आपले प्रतिनिधी वर विधिमंडळात धाडावेत, अशी ती रचना होती. सत्तेचा झरा खालून वर वाहावयाचा.

त्यातली एक गोष्ट मात्र मला अनेक वर्षे सतावीत आली आहे. मतदाराला लिहिता-वाचता आले पाहिजे, असा गांधीजींचा आग्रह होता. मी पडलो मराठीचा मास्तर! प्रथम वाचले तेव्हा ही अट मला फार आवडली, हे कबूल करतो. पुढे विचार करू लागलो तशी ती बोचू लागली. ज्याच्या वाट्याला शाळाच आली नाही, त्याचे मतही काढून घ्यावयाचे, हा कुठला न्याय? १९५१ च्या शिरगणतीत देशात शंभरांत अठराच माणसे साक्षर होती. तरी भारताच्या घटनेने अशी अट घातली नाही आणि १९५१-५२ च्या निवडणुकीत उमेदवाराचे चिन्ह लावलेल्या पेट्यांत अडाणी म्हणविणाऱ्यांनी मते टाकली. तेच योग्य झाले. पण औंधच्या अटीला दुसरीही बाजू होती. अट घालणाऱ्याच्या डोक्यावर शिकविण्याचे ऋण येते. आपण अट सोडली, ते ठीक. तिच्याबरोबर ऋणही सोडून दिले. मत सर्वांना, माहिती मात्र ज्याची त्याने मिळवावी!

याच संस्थानात, कुंडलच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना वसविला. त्या वाडीतून १९२० पासून ‘किर्लोस्कर’ आणि १९३० पासून ‘स्त्री’ मासिक निघू लागले. ज्या प्रश्नांवर घरात आवाज चढत, ते प्रश्न ही मासिके छापील पानावर आणीत. वाद घालावयाचा तर आधी वाचून घाला, ही सवय आपल्या आज्यांना त्यांनी लावली. आणि आम्ही त्यांची नातवंडे? मी आजवर एकही मतदान चुकविलेले नाही. परंतु राहतो त्या सांगली शहराचे अंदाजपत्रक यंदाच्या मे महिन्यापर्यंत एकदाही उघडून पाहिले नव्हते. ग्रामसभेतील त्या वीस-बावीस जणांवर हसण्याचा अधिकार मला कुठून आला?

औंधच्या राज्यघटनेला जेमतेम नऊ वर्षे मिळाली. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्या पंचायतींत भांडणे नव्हती, सारे कसे गोडीगुलाबीने चाले, असे मी म्हणणार नाही. गाव म्हटले की भाऊबंदकी आलीच. पण भांडण बांधाचे, विहिरीचे, शाळेचे असे; ज्याच्याविषयी भांडावयाचे ती वस्तू भांडणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेली असे.

माझ्या वर्गातील तीन मुली ऑगस्टमध्ये त्या गावी पुन्हा गेल्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी असा आपल्याकडे नियम आहे. जमाखर्चाची नक्कल त्यांनी रीतसर अर्ज करून मिळविली होती. सभेच्या आदल्या संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसून त्यांनी ती बायकांना वाचून दाखविली. एकेक रक्कम, सावकाश, विचारले तेथे थांबून. पाणीपुरवठ्याच्या खर्चापाशी आल्यावर त्याच आजीबाईंनी हात वर केला.

“मोटार दोनदा दुरुस्त केली म्हनतीस? मग पानी चौथ्या दिवशी कसं गं येतं? उद्या ह्योच कागद संगं आन.”