पावलांचा आलेख

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्यास येडेश्वरीची यात्रा भरते. तेरखेड्याहून पायी निघालेल्या वृद्ध यात्रेकरूच्या खिशातील स्मार्टफोन त्याची पावले मोजीत असतो. त्या यंत्रास ना डोळे, ना पाय. मग त्याला हे कळते कसे?

फोनमध्ये सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म भार तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. पाऊल जमिनीवर टेकले की शरीरास हिसका बसतो. त्यासरशी तो भार किंचित हलतो व शेजारच्या पट्ट्यांवरील विजेच्या साठ्यात फरक पडतो. हा फरक सेकंदाला अनेक वेळा टिपला जातो. त्याचा आलेख काढला, तर बालाघाटासारखी टेकड्यांची रांग दिसते. एक टेकडी म्हणजे एक पाऊल!

पण नुसत्या संख्येपेक्षा या टेकड्यांची ठेवणच अधिक बोलकी असते. निरोगी माणूस सपाट वाटेवर चालत असता त्या बहुधा सारख्या अंतराने उमटतात. कंपवाताने पावले आखूड होतात. गुडघा दुखू लागला की एक टेकडी उंच तर दुसरी ठेंगणी होते. तोल जाऊन हाड मोडण्यापूर्वीच डॉक्टरांना त्यावरून धोक्याची सूचना मिळू शकते. मात्र तपासणीचे काम फोनवर सोपविता येत नाही. कारण खडबडीत रस्त्याने एस.टी.त बसून जाणाऱ्याचीही 'पावले' तो कधीकधी इमानाने मोजतो!